गिरणीवाल्याकडचे सातशे

कार्तिक व. ५, शके १८६४. ताडकळस.

आज दादांनी जेवताना विषय काढला. दादा म्हणजे माझे थोरले दीर. धाकट्या भावजयीशी ते सरळ बोलत नाहीत, तशी रीतच नाही. जाऊबाईंकडं बघून बोलतात, मी चुलीपाशी बसून ऐकायचं. म्हणाले, पाडव्याला वाटणी करून टाकू. धाकट्यानं गिरणीवाल्याला दिलेले सातशे घरातल्या कापसाचे होते. पाडव्यापर्यंत ते आले तर विहिरीचं शेत तिच्या पोराकडं. न्हाई आले तर ते मी घेतो, तिनं माळावरचं घ्यावं.

माळावर कुसळं उगवतात. तेवढं तरी म्हणायचं होतं मला, पण तवा तापलेला, भाकरी करपली आणि जाऊबाईंनी तेवढंच पाहिलं.

ह्यांना जाऊन पाच महिने झाले. पटकीनं दोन दिवसांत नेलं. व्यवहाराचं एक अक्षर बोलायला वेळ दिला नाही. आता सातशे रुपयांचा कागद नाही की गवाह नाही. म्हणून कोण काय बोललं ते आजपासून मीच लिहून ठेवणार. वऱ्हाडात चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग.

का. व. ८

गिरणीवर गेले. इंजिन बंद. लढाईमुळं तेल मिळत नाही, आठवड्यात दोन दिवस गिरणी चालते म्हणे. गिरणीवाला दत्तोबा ह्यांचा तालमीतला दोस्त, मला वैनी म्हणतो. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो. मग म्हणाला देतो. जवारी निघू द्या, देतो. तीनदा म्हणाला. कधी, म्हणून विचारलं तर पोराला चहा आणायला पाठवलं.

चहा आला. मी घेतला नाही. येताना वाटलं, घ्यायला हवा होता. भांडायला अजून काही झालंच नव्हतं.

का. व. १०

गेल्या पौषात पैसे दिले तो दिवस लिहून ठेवते. कापूस विकून आलेले रुपये, सगळे हाली, निजामाच्या शिक्क्याचे. कणगीतून काढून मीच मोजले. दोन थैल्या, एकीत चारशे, एकीत तीनशे. दत्तोबा ओसरीवर बसलेला. मी दाराआडून थैल्या पुढं केल्या, ह्यांनी घेऊन त्याच्या हातात दिल्या. मी इष्टांप कागदाचं विचारलं तर हसले. "दोस्तीत कागद कशाला? उद्या मी मेलो तर दत्तोबा मला बुडवंल व्हय?"

आता काय म्हणायचं ह्यांना. बरंच म्हणायचंय.

मार्गशीर्ष शु. ६

चंपाषष्ठी. आपल्या घरी वर्ष पाळायचंय, त्यामुळं वांग्याचं भरीत नाही, रोडगे नाहीत. खंडोबाची पालखी दारावरून गेली. दत्तोबा पालखीपुढं, कपाळभर भंडारा, दोन्ही हातांनी उधळत होता. आमच्या दाराशी आल्यावर मान खाली घातली त्यानं. मी पाहिलं.

जाऊबाई गिरणीवरून पीठ आणतात. मी आणत नाही, जात्यावर दळते. हात भरून येतात. परवा म्हणाल्या, दत्तोबाचा राग जात्यावर काय काढायलीस? म्हटलं, जात्याला काही वाटत नाही.

मार्ग. व. २

लिहायला हात चालत नाही, पण आजच लिहायला हवं.

दादांनी चावडीवर दत्तोबाला गाठलं. पाटील होते, आणखी चार माणसं होती. मी बाहेर चिंचेखाली, पदर पुढं ओढून. दत्तोबा म्हणाला:

"सातशे मी रामनवमीला परत केलेत. त्याच्या हातात. घरी सांगू नगं म्हणला, म्हणून मी गप व्हतो."

मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालायला ह्याची जीभ झडली कशी नाही. महिनाभरापूर्वी मला देतो म्हणाला होता. ते मी तिथंच मोठ्यानं सांगितलं. त्यावर म्हणाला, वैनी रडत्याल म्हणून तसं बोललो. मी तिथं गेले होते तेव्हा रडले नव्हते. आज घरी येऊन रडले.

मार्ग. व. ११

परभणी. दादांबरोबर बैलगाडीनं. मुन्सफ अदालतीजवळ एक वकीलसाहेब. निम्मं उर्दूत बोलतात. दस्तावेज हाय का? नाही. गवाह? मीच. तुम्ही पैसे त्याच्या हातात देताना पाहिलं का? दाराआडून पाहिलं. ते हसले नाहीत, ते बरं केलं. म्हणाले, दावा लावाल तर फीच भारी पडेल, निकालाला दोन-तीन सालं, आणि पाडवा तर तीन महिन्यांवर. गावात पंच बसवा बाई.

येताना दादा गाडीत बैलांशीच बोलत होते. त्यांना सातशे हवेत की विहिरीचं शेत, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

पौष शु. ८

संक्रांत. मी आतच. माझा बाळू तिळगूळ मागायला चार घरी जाऊन आला.

पौष व. ४

पंच बसले. मारुतीच्या पारावर. पाटलांनी सरळ विचारलं, दत्तोबा, परत केलेस म्हणतोस, मग खंडोबापुढं बेलभंडार उचलशील?

आमच्याकडं एवढा एकच कागद चालतो. हातावर बेलाचं पान, त्यावर देवाचा भंडारा, आणि मग बोलायचं. त्यानंतर कुणी वाद घालत नाही. खोटं बोलणाऱ्याचं पुढं देव बघतो.

दत्तोबानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मी न्हाई उचलत. वैनींनी उचलावं. पैसे परत आले न्हाईत म्हणून त्यांनी भंडारा हातात घेऊन म्हणावं, मी इंजन विकून सातशे टाकतो."

पारावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, माणूस सुधारला. जाऊबाई कानाशी लागून म्हणाल्या, "येडी हायेस का? विधवेनं भंडारा हातात घ्यायचा असतो का? त्यात वर्ष सरलं न्हाई. त्याला ठावं हाय तुला उचलता यायचं न्हाई."

मग कळलं. भंडारा म्हणजे हळदच ना शेवटी. लबाड.

पौष व. ६

गुरवाकडं गेले. म्हातारा आहे, ऐकायला कमी येतं, मला ओरडून विचारावं लागलं, सगळ्या आळीनं ऐकलं. विधवेला भंडारा चालतो का? तो म्हणाला, हळद बायकांची, भंडारा देवाचा. देवानं कुणाला नाही म्हटलंय का आजवर? मी देतो तुझ्या हातावर.

सासूबाई असत्या तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. नाहीत, ते आज बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही.

पंचांनी माघी पौर्णिमा धरली. दत्तोबाचं तोंड उतरलं म्हणे. उतरू दे. मला फक्त खरं बोलायचंय, त्यात भ्यायचं काय?

माघ शु. ७

झरीला आले, गंगूवन्सांकडं. ह्यांची धाकटी बहीण. पौर्णिमेला सोबत चला म्हणायला आले. दादा आणि वन्सांचे मालक ह्यांचं चार वर्षं बोलणं नाही, बैलाच्या खरेदीवरून. गेल्या चैत्रात वन्सांचं घर जळालं तेव्हाही दादांनी पायलीभर जवारी पाठवली नाही. हे एकटेच येऊन गेले होते. नंतर माझ्यावरच दिवस आले, मला यायला जमलं नाही.

घर नवं झालंय. माळवदाच्या सगळ्या तुळया सागाच्या. गोठ्यात खिल्लारी जोडी. मी कौतुकानं म्हटलं, भावजींनी बरं उभं केलं सगळं. तर वन्सं माझा हात धरून रडायला लागल्या.

"वैनी, तुला ठावं न्हाई? दादाला सांगू नगं म्हणला व्हता, तुला सांगितलं आसंल वाटलं. तीनशे आणून दिले त्यानं. रामनवमीच्या दुसऱ्या दिशी. दोस्ताकडून आणलेत म्हणला."

मी म्हटलं, हो, ठावं आहे की. विसरले होते.

सोबत चला म्हणायचं राहूनच गेलं.

माघ शु. ९

परत ताडकळसला. येताना गाडीवानानं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटत न्हाई का?

मांडून बघते. दत्तोबानं तीनशे परत केले, हे खरं. सातशे म्हणतो. उरलेले चारशे दिले की खाल्ले, देव जाणे. आणि मी दीड-दोन महिने ह्या माणसाला शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या तरी परत घ्यायला हव्यात. कुठल्या निम्म्या ते कळत नाही.

पौर्णिमेला मी भंडारा घेऊन 'परत आले नाहीत' म्हटलं तर सातशे येतील, विहीर राहील, बाळूला पाणी राहील. वन्सं कुणाला बोलायच्या नाहीत. कुणाला कळणार नाही.

आणि खरं सांगितलं तर दादा विचारणार, तीनशे कुठं गेले. वन्सांकडं गेले म्हटलं की दादा गोठ्यातली जोडी सोडवून आणतील. दादांना मी ओळखते. बहिणीच्या दारात जातील ते त्याच एका कामाला.

माघ शु. ११

मोटेवर गेले होते. हरभरा घाट्यावर आलाय. ह्या विहिरीला ह्यांनी स्वतः दगड लावलाय, मी सहा महिन्यांची पोटुशी असताना टोपली धरलीय. शेत माझं आहे. कुणी काही म्हणो.

खोटी शपथ घेतली तर काय होतं? आमच्या गावातल्या एकानं घेतली होती, त्याची गाय मेली. दुसऱ्या एकानं घेतली, त्याला मुलगा झाला. मला देवाचं भय नाही असं नाही. पण खरं लिहायचं तर दत्तोबाचं भय जास्त वाटतं. मी खोटं बोलतेय हे त्या एकाला कळेल, आणि तो माझ्यापुढं उभा असेल.

माघ शु. १४

जाऊबाईंनी माझं नेसायचं लुगडं धुऊन ठेवलं. म्हणाल्या, नीट बोल, पुटपुटू नगंस. त्यांचा जीव माझ्यावर आहे, म्हणजे असतो अधूनमधून. दादा ओसरीवरून जाऊबाईंना म्हणाले, तिला सांग, भिऊ नगं म्हणावं. चौदा वर्षांत त्यांच्याकडून आलेला हा पहिला गोड निरोप. आजच यायचा होता.

दुपारी निजले नाही. एक गोष्ट सुचलीय. जमेल का माहीत नाही.

माघ पौर्णिमा

झालं ते जसंच्या तसं.

गाभाऱ्यापुढं अर्धं गाव. पाटील, पंच, दादा. दत्तोबा आंघोळ करून ओल्यानंच आलेला. गुरवानं बेलाचं पान पुढं केलं. मी हात पुढं केला नाही. पाटलांना म्हटलं, मी उचलत नाही. सगळीकडं कुजबुज. जाऊबाईंनी मागून पदर ओढला.

पाटलांना म्हटलं, पैसे परत आले की नाही हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते मी देवापुढं कसं म्हणू? ज्यानं दिले त्याला ठाऊक. दत्तोबाभाऊजींनी उचलावं. ते जेवढे दिले म्हणतील तेवढे पोचले, असं मी मान्य करते. सातशे म्हणाले तर सातशे.

दादा जाऊबाईंकडं न बघता थेट मला म्हणाले, "आगं, बुडवलंस की."

दत्तोबा नाही म्हणू शकला असता. पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. त्यानं हात पुढं केला. गुरवानं पान ठेवलं, त्यावर भंडारा. त्यानं मूठ अर्धी मिटली, थोडा भंडारा पायावर सांडला. पाटील म्हणाले, बोल. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग मूर्तीकडं.

"तीनशे दिलेत," म्हणाला. "रामनवमीला तीनशे. चारशे माझ्याकडं हायेत. इंजनाला बसलेत." आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागला, एवढा मोठा माणूस, तालमीतला.

मला आनंद व्हायला हवा होता. तेवढ्यात दादा म्हणाले, "मंग तीनशे कुठं हायेत? दत्त्या, ते कशासाठी नेले त्यानं?"

दत्तोबानं डोळे पुसले. त्याला ठाऊक आहे. त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याच्या आधी बोलले. म्हटलं, ते तीनशे ह्यांनी माझ्याकडं दिले होते. माझ्या हातून खर्च झाले.

देवळात म्हटलं. हातात भंडारा नव्हता, एवढंच.

दत्तोबानं मान खाली घातली ती वर केली नाही. पंचांनी ठरवलं, त्यानं पाडव्यापर्यंत चारशे द्यावेत. ते आले तर विहिरीचं निम्मं शेत माझ्याकडं. तीनशे माझ्या वाट्यातून वजा.

फाल्गुन शु. १०

दत्तोबा आज घरी आला. ओसरीवर बसला नाही, अंगणातच उभा. अडीचशे दिले. बायकोच्या पाटल्या मोडल्या. इंजिनाला पूर्णेचं गिऱ्हाईक बघतोय, पण तेल नाही तर इंजिन घेतं कोण? उरलेले दीडशे पाडव्याआधी आणायची खटपट करतो म्हणाला. देतो म्हणाला नाही.

जाताना हळूच म्हणाला, "वैनी, तुमी का घेतलंत अंगावर? मी सांगणार न्हवतो, गंगूचं नाव मी घेतलं नसतं." मला वाटतं घेतलं असतं. कदाचित नसतंही.

आज त्याला चहा दिला. त्यानं उभ्यानं घेतला.

फा. व. ३

गावात झालं ते असं: अमक्याची रांड, नवऱ्याचे तीनशे उडवून बसली. कुणी म्हणतं माहेरी पोचवले, कुणी म्हणतं सोनं करून पुरलं. पाणवठ्यावर बायका बोलायच्या थांबतात. जाऊबाई आज पेटी उघडून बसल्या होत्या माझी. मला बघून म्हणाल्या, झुरळं बघत होते. मी म्हटलं, सापडली का?

वन्सांचा निरोप आलाय, पाडव्याला पुरण पाठवते म्हणून. त्यांना काही कळलेलं नाही. कळलं तर त्या स्वतः जोडी सोडून आणून बांधतील दादांच्या दारात. तशाच आहेत.

फा. व. ९

दादा पुन्हा जाऊबाईंमार्फत बोलायला लागले. म्हणाले, दत्तोबानं देवापुढं भंडारा उचलून खरं सांगितलं, सगळ्यांनी मानलं. मग घरच्या माणसानं का उचलू नये? तीनशे तिच्या हातून खर्च झाले, तर कशावर झाले ते पाडव्याला तिनंही बेलभंडार उचलून सांगावं. गुरवानं तर परवानगी दिलेलीच हाय. खरं निघालं तर वजा केलेलं मी सोडून देतो, सगळं विहिरीचं शेत तिचं.

बोलणं वावगं नाही. म्हणूनच उलटून काही म्हणता आलं नाही. पाटीलही हो म्हणाले.

फा. व. १३

वन्सांना निरोप पाठवायचा ठरवलं. गाडीवानाला बोलावलं. त्याला बसवून जेवायला वाढलं आणि तसाच परत पाठवला.

भंडारा न उचलता गप्प बसले तर दादा म्हणतील, सोनं पुरलंय. शेत जाईल. उचलून खोटं सांगितलं तर शेत राहील. उचलून खरं सांगितलं तर वन्सांच्या गोठ्यात... परत परत तेच. आज दळताना ओवीसुद्धा तोंडात आली नाही.

फाल्गुन अमावास्या

उद्या पाडवा. दत्तोबाचे दीडशे अजून नाहीत. सकाळी गिरणीवरून माणूस आला, दत्तोबाशेठ पूर्णेला गेलेत म्हणाला, रात्रीच्या गाडीनं येतील, नाही तर उद्या. दादांनी विहिरीच्या शेतात खुंट्या मारून ठेवल्यात, मोजणीसाठी. गुरव बेल आणायला पोरांना पाठवणार आहे.

खोटं सांगायचं तर कशावर म्हणू? दवाखाना म्हणू का? कुठला? भंडारा हातात असताना आणखी विचारलं तर? मला खोटं बोलायची सवय नाही, हा काही गुण नव्हे, कधी गरज पडली नाही एवढंच.

सगळ्यात राग ह्यांचाच येतो. दोस्ताला विश्वासात घेतलं, बहिणीला घेतलं. थैल्या मोजून दिल्या मी, आणि सांगितलं नाही ते मला. दुपारभर हेच मनात. मेलेल्या माणसाशी भांडत बसलेय.

मला विचारलं असतं, गंगूचं घर जळालंय, तीनशे तिला देऊ का, तर मी नाही म्हटलं असतं का? ह्या वहीत तरी खरं लिहिते. म्हटलं असतं. म्हटलं असतं, दादा थोरले आहेत, ते बघतील, आपलं पोर आधी. दोन दिवस अबोलाही धरला असता. ते मला ओळखून होते, म्हणूनच सांगितलं नाही.